मदत हवी आहे: आईला सर्दी की फ्लू? (नागपूर, मानेवाडा)

आई ६८ वर्षांची, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू. काल दुपारपर्यंत ठणठणीत होती, संध्याकाळी एकदम थंडी वाजून १०२ ताप. अंग ठणकतंय, कोरडा खोकला आहे; नाक फारसं गळत नाही, म्हणून साधी सर्दी वाटत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, परत चढतो. ऑक्सिजन ९७, धाप नाही, पेज-पाणी घेते. फ्लूची लस झालेली नाही. केमिस्ट अँटिबायोटिक देत होता, नाही घेतली (व्हायरसवर तिचा काय उपयोग!). ओसेल्टामिविर (फ्लूवरची गोळी) ४८ तासांच्या आत सुरू केलेली बरी, आणि आमचे डॉक्टर नेमके बाहेरगावी. मानेवाडा-बेसा भागात आज रविवारी घरी येऊन तपासणारे फिजिशियन कोणी सुचवाल का? आणि स्वॅबच्या रिपोर्टआधीच डॉक्टर ही गोळी सुरू करतात का?