आकड्यापेक्षा अवस्था बघा
पायोनियरच्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरपैकी (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेला सेट) एसएक्स-१२५० घ्यावा की एसएक्स-१९८०, असा प्रश्न एकाने विचारलाय. कागदावर १६० विरुद्ध २७० वॅट प्रति चॅनल (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) हा फरक प्रचंड वाटतो, पण आवाजात तो जेमतेम सव्वादोन डेसिबल भरतो. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ज्याची अवस्था चांगली, तो घ्या. (त्या जड ट्यूनिंग नॉबला एक गिरकी देऊन बघाच, दोन्हींत सुख आहे!)

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगमध्ये घालू नका, आधी सिरीज बल्ब (सेटच्या वीजपुरवठ्याच्या वायरीत मध्ये जोडलेला साधा तारेचा बल्ब) लावा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब मंदावला असेल, तर स्पीकर जोडण्याआधी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) मोजा. तो थोड्याच मिलिव्होल्टमध्ये असायला हवा.