गाड्यांचे वायरमन, तुम्हाला चकवलेला फॉल्ट सांगा

मी सांगलीकडे एका ट्रॅव्हल्सच्या 14 बसचं इलेक्ट्रिकल बघतो, 11 वर्षं झाली. रात्री दोनला टॉर्च दातात धरून डॅशबोर्डखाली आडवा पडलेला माणूस कुणाला दिसत नाही, म्हणून आपल्यावालेच लिहूया. आधी माझा सांगतो.

एका बसच्या बॅटऱ्या सहा महिन्यांत दोनदा गेल्या. गाडी 24 व्होल्टची, म्हणजे 12 च्या दोन सिरीजमध्ये, अल्टरनेटर 28 देतोय, बेल्ट टाईट, अर्थिंग साफ, मालक म्हणतात कंपनीच बोगस. शेवटी दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या, एक 12.7 आणि दुसरी 11.9! वायर धरून मागं मागं गेलो तर कुणीतरी टेपसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढलेले. ती रोज उपाशी, आणि चार्जिंगचा करंट दोघींना सारखाच, त्यामुळे दुसरी ओव्हरचार्ज होऊन तिचं पाणी आटायचं. 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर टाकला, पुढची जोडी तीन वर्षं चालली.

---

दादा, मी चिपळूणचा, टँकर बघतो. आमच्याकडे पावसात कनेक्टर उघडला की आत तांबं हिरवं. एका गाडीला ब्रेक दाबला की इंडिकेटरपण मिणमिणायचा. स्विच बदलला, फ्लॅशर बदलला, दोन दिवस गेले. मागच्या लाइटचा अर्थचा बोल्ट गंजून गेलेला, करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बातून जात होता. खरवडला, ग्रीस लावलं, दहा मिनिटांचं काम. आता मागच्या लाइटची कंप्लेंट आली की आधी अर्थ बघतो.

---

स्कूल बसचं सांगते, मी शाळेत ट्रान्सपोर्ट बघते, वायरमन नाही, चालेल ना? 15 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी तिथं तांब्याची तार गुंडाळली होती. सिग्नलला जळका वास आला, ड्रायव्हरकाकांनी लगेच बॅटरीचा कट-ऑफ फिरवला आणि 22 पोरं खाली उतरवली. आतलं वायरिंग वितळून एक झालं होतं. अजून अंगावर काटा येतो. तेव्हापासून प्रत्येक बसमध्ये जादा फ्यूजची डबी असते आणि दर सोमवारी फ्यूजबॉक्स मी स्वतः उघडून बघते.

---

मी 34 वर्षं टेस्ट लॅम्पवर, म्हणजे वायरला लावून करंट येतो का बघायच्या बल्बवर, काम केलं. 2020 ला बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्या आल्या, जिथंतिथं सेन्सर, आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, वायरला लॅम्प लावायची सोय नाही, ईसीयूच खराब व्हायचा. एक ट्रक मधेच पिकअप सोडायचा, स्कॅनरवर कम्युनिकेशनचा एरर. आमच्याकडे आयटीआयची अप्रेंटिस मुलगी होती, ती म्हणाली काका, बॅटरी काढा आणि कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन वायरींत ओहम बघू, 60 यायला पाहिजेत. आले 120. म्हणजे दोन टोकांच्या 120-120 ओहमच्या दोन रेझिस्टरपैकी एकच लागत होता, दोन्ही लागले की 60 येतात. चेसिसला घासून तुटलेली वायर तिनंच शोधली. पुढच्या महिन्यात मी मल्टीमीटर घेतला आणि पहिलं रीडिंग तिच्याकडूनच शिकलो.