विधी साहाय्य केंद्रातले दिवस : तुमचेही अनुभव सांगा

काळीबॅग
काल तहसील कचेरीबाहेर ताटकळत बसले होते. शेजारी पांढरा शर्ट, काळी पँट घातलेला विशीतला पोरगा एका आजींना विचारत होता, "आजी, सही येते का अंगठा?" आणि मला एकदम 2009 आठवलं.

तेव्हा लॉच्या शेवटच्या वर्षाला होते. दर शनिवारी कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात बसायचं, आलेल्या माणसाचं ऐकायचं, अर्जाचा मसुदा करायचा. मग मॅडम (वकील, दुपारनंतर यायच्या) तो लाल पेनाने रक्तबंबाळ करायच्या. माझ्या पहिल्या पक्षकार सत्तरीच्या. नऊवारी, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा. नवरा वारल्यावर दिरांनी परस्पर आपली नावं लावून घेतलेली, फेरफारात यांचं नावच नाही. मी प्रांतांकडचं अपील लिहिलं. माझ्या मते फार सुंदर लिहिलं. खाली आधीच ठोकून दिलं, "नि. डा. हा. अं." (निशाणी डाव्या हाताचा अंगठा) आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

बाईंनी पॅडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्याच हातातला पेन घेतला आणि एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याच्या नावासकट. मग म्हणाल्या, "साक्षरतेच्या वर्गाला जायचे मी. कंदील घेऊन."

मॅडमनी मसुदा वाचून एवढंच विचारलं, "यांना हे कळलं कधी?" मी विचारलंच नव्हतं! सोसायटीचं कर्ज काढायला गेल्यावर कळलं होतं, दोन महिन्यांपूर्वी. अपिलाची मुदत केव्हाच टळलेली, विलंब माफीचा सगळा अर्ज त्या एका तारखेवर उभा. पुन्हा बसून हाताने लिहून काढलं, सहा पानं.

तुमचे अनुभव लिहा. विद्यार्थी म्हणून, पक्षकार म्हणून, कसेही.

चहाबिस्किट
कंदील वाचून गलबललं. आत्ता ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहिते.

साठकीनव्वद
आमची पाळी तुरुंगात. महिन्यातून दोनदा, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलसाहेबांबरोबर. मोबाइल गेटवर जमा, आत फक्त वही-पेन. कच्च्या कैद्यांना विचारून तक्ता भरायचा: कलम कुठलं, अटक कधी, दोषारोपपत्र आलं का. दोषारोपपत्राची मुदत 60 दिवस की 90 (ती उलटली की जामिनाचा हक्क), हे सरांनी बोटांवर मोजायला शिकवलं. एक पोरगा, मोबाइल चोरीतला, जामीन मंजूर होऊन पाच महिने आतच. 15 हजारांचा जामीनदार आणायचा कुठून? आई बिहारात, इथे ओळखीचा एक मुकादम, तो फोन उचलेना. सरांनी अर्ज देऊन जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडवला. दीड पानाचा अर्ज हो. टाइप करायला वीस मिनिटं.

आता 2023 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं असतं. आमच्या वेळी कोणीतरी विचारायला गेलं तरच कळायचं.

काळीबॅग
बापरे. सुटल्यावर भेटला का कधी?

साठकीनव्वद
नाही. गेटवर चप्पल मागत होता. अटकेच्या वेळची हरवली होती. माझी दिली आणि अनवाणी बसस्टॉपवर गेलो, तेवढं आठवतंय.

फ्लेक्सग्रस्त
तुम्ही नशीबवान. आमच्या कॉलेजात विधी साहाय्य म्हणजे फ्लेक्स. वर्षातून एकदा गाव गाठायचं, शाळेच्या व्हरांड्यात भाषण, नारळ, पोहे, ग्रुप फोटो. एका बाईंनी उठून विचारलं, "दारूचं दुकान बंद करायला मतदान कसं लावायचं?" चाळीस भावी वकील एकमेकांची तोंडं बघतोय. पोहे मात्र उत्तम होते.

आडवाट
एक चतुर्थांश महिला मतदारांचा अर्ज, मग गुप्त मतदान. आमच्या गावात आडवी बाटली (म्हणजे दुकान बंद) जिंकली होती. दुकान शेजारच्या गावात गेलं. आता मंडळी रिक्षा करून जातात.

फ्लेक्सग्रस्त
रिक्षावाल्यांनी मतदान केलं असणार :)

जुनाकोट
मी लाल पेनाच्या बाजूचा. विद्यार्थी आले की पहिली सूचना एकच: कोर्टात उभं राहून बोलायचं नाही, सनद नाही तुमच्याकडे. तरी एकदा मी शेजारच्या कोर्टात अडकलो आणि इकडे पुकारा झाला. आमचे चिरंजीव उठले आणि सांगून मोकळे, "साहेब, आमची तयारी आहे." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, "कशाची?" मी धापा टाकत पोचलो तेव्हा अख्खा कोर्ट हॉल हसत होता. आज तो पोरगा स्वतः ज्युनिअरना हीच सूचना देतो.

मसुद्यांबद्दल तर विचारूच नका. अकरा पानांची कैफियत, भगवद्गीतेचा श्लोक, आणि शेवटी विनंतीचा परिच्छेदच नाही. म्हणजे कोर्टाने वाचायचं आणि घरी जायचं.

मुलाचीआई
मी दुसऱ्या बाजूची, चालेल ना? पोटगीची केस होती. कुणीतरी म्हणालं बायकांना वकील फुकट मिळतो, मला वाटलं दारिद्र्यरेषेचं कार्ड लागेल. तिथे कळलं बाईला उत्पन्नाची अटच नाही. टेबलाशी कॉलेजच्या दोन पोरी. एकीने सगळं ऐकून घेतलं, एकदाही "मग इतकी वर्षं गप्प का बसलात" म्हणाली नाही. दुसरी खर्च लिहीत होती. दूध, रिक्षा, शाळेची व्हॅन. म्हणाली अजून आठवा. मी म्हटलं मॅगी. हसायला लागले तर म्हणाली, "ताई, मॅगीपण लिहा." लिहिली. महिन्याला 120 रुपये.

जुनाकोट
शाबास त्या मुलीची. 2020 पासून पोटगीत दोन्ही बाजूंना मिळकत-खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवरा "बेकार आहे" म्हणतो तेव्हा असा बारीक हिशेबच कामाला येतो.

मुलाचीआई
बेकारच म्हणाला होता. बुलेटवरून येऊन.

हडसनकाठी
इकडचं सांगते. न्यूयॉर्कची सनद हवी तर आधी 50 तास विनामोबदला काम, 2015 पासून. एलएल.एम. करून परीक्षा देणाऱ्या आपल्या मंडळींनाही सुटका नाही. देखरेख करणारा वकील प्रत्येक कामाच्या फॉर्मवर सही करतो. घरमालक ज्यांना घरातून काढायला निघालेत अशा भाडेकरूंच्या विधी साहाय्य क्लिनिकमध्ये मी तास भरले. एक कोल्हापूरच्या काकू आल्या, भाड्याचं घर मुलीच्या नावावर, मुलगी दुसऱ्या राज्यात. इंग्रजीत सगळं धड सांगत होत्या, मी मराठीत "बसा ना काकू" म्हणाले आणि ढसाढसा रडल्या. सुपरवायझरला वाटलं मी काहीतरी वाईट बातमी दिली.

पार्किंग_पीडित
वकील मंडळी आहात म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचा माणूस माझ्या जागेत दोन स्कूटर लावतो. सेक्रेटरी त्याचा साडू. काय करता येईल?

साठकीनव्वद
15100 ला फोन करा. विधी सेवेची हेल्पलाइन आहे, साडू असला तरी उचलतात.

पार्किंग_पीडित
लावला. खरंच उचलला. कागद घेऊन प्राधिकरणाच्या ऑफिसात या म्हणाले.

काळीबॅग
जा. आणि त्यांनी विचारायच्या आधी तारीख सांगा, स्कूटर पहिल्यांदा कधी लावली ती.

चहाबिस्किट
रात्री लिहिते म्हटलं होतं, पण धाकट्याला ताप आहे. बुलेटवाल्याचं पुढे काय झालं?

मुलाचीआई
साडेसात हजार महिना. तीन महिन्यांचे थकलेत. वसुलीचा अर्ज टाकलाय, सोमवारी तारीख आहे. तापाला पट्ट्या ठेवा.