भोगीच्या भाजीसाठी शेतकरी बाजार की नेहमीचा भाजीवाला? (ठाणे पश्चिम, बजेट ८००)

अनघा_कोलशेत
नमस्कार मंडळी. मंगळवारी भोगी. यंदा सासरची सगळी आमच्याकडे जेवायला आहेत, लहान-मोठी मिळून बारा माणसं. बेत साधाच आहे: भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत, लोणी. एरवी सोसायटीखालच्या भाजीवाल्याकडून घेते. या वेळी रविवारच्या शेतकरी आठवडी बाजारातून आणावं असं मनात आहे. भाजी, बाजरी, तीळ सगळं धरून ८०० रुपये. गाडी नाही, रिक्षा किंवा टीएमटी. फक्त रविवारची सकाळ मोकळी आहे. घोडबंदर पट्ट्यात कुठला बाजार बरा? आणि तिथे बसणारे खरंच शेतकरी असतात का?

काका_चरई
वाशीची एपीएमसी, म्हणजे बाजार समितीचा घाऊक बाजार. विषय संपला. शनिवारी पहाटे चारला उठायचं, पाचच्या आत भाजी मार्केटच्या गेटवर. मी वर्षानुवर्षं तिथूनच आणतो. मटार निम्म्या भावात. तुमचे ते आठवडी बाजार वगैरे हौशी लोकांसाठी.

अनघा_कोलशेत
काका, शनिवारी ऑफिस आहे, गाडीही नाही.

काका_चरई
सुट्टी टाका. ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला उतरायचं, गाडी कशाला लागते?

मीनल_वसंतविहार
मी सेंद्रिय भाजीची टोपली लावली आहे, दर आठवड्याला घरपोच येते. महिन्याला साधारण चार हजार पडतात, पण चव वेगळीच. गाजर खाऊन नवरा म्हणाला, हे गाजर आहे होय! एकदा सेंद्रिय खाल्लं की मागे फिरवंसं वाटत नाही गं.

अनघा_कोलशेत
मीनलताई, आठशे :)

अवलिया_ऐरोली
डोक्यावर पांढरी टोपी आणि मागे 'शेतातून थेट ताटात' असा फलक लावला की झाला शेतकरी. आमच्याकडच्या बाजारात एक जण किवी आणि ब्रोकोलीशेजारी 'गावठी पावटा' विकत होता. मी विचारलं, किवी कुठल्या शिवारात लावली? बघतच राहिला. पहाटे एपीएमसीतून उचलायचं आणि आठ वाजता शेतकरी म्हणून बसायचं. काकांशी सहमत, मग थेट एपीएमसीतच का जाऊ नये?

शहापूरवाला
अवलिया, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझे वडील आणि चुलते गटातर्फे बाजारात बसतात, म्हणून सांगतो. २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून शेतकरी गटांना शहरात थेट विकायला वाट झाली. पणन मंडळाचे सावता माळींच्या नावाचे आठवडी बाजार त्याच सुमाराचे. गट म्हटलं की एका टेबलावर चार शेतांचा माल असतो, त्यात फसवणूक काही नाही. पण उपरे घुसतात हेही खरं.

अनघाताई, ओळखायचं कसं ते सांगतो. ज्याच्याकडे चार-पाचच वाण आहेत, तेही थोडे वेडेवाकडे, मेथीच्या मुळांना माती आहे, त्याच्यापुढे थांबा. सगळ्या भाज्या एका मापाच्या आणि व्यापाऱ्याचा शिक्का मारलेल्या क्रेटमध्ये दिसल्या तर पुढे चला. आणि काय कुठून येतं ते विचारा. जानेवारीत कोणी 'सासवडचा मटार' म्हणाला तर हसून पुढे जा. पुरंदरचा मटार मुख्यतः पावसाळ्यातला. आत्ताचा बहुतेक मटार मध्य प्रदेशातून, जबलपूरकडून येतो. लाल गाजरही उत्तरेचं. त्यात वाईट काही नाही, पण ते 'आमच्या शेतातलं' म्हणून जादा पैसे देऊ नका. आपल्या जवळचं म्हणजे वाल, पावटा, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, वांगी, पातीचा कांदा, मेथी. जुन्नर-ओतूरचा माल माळशेजमार्गे येतो, नाशिकचा कसाऱ्यावरून. नारायणगावचा टोमॅटो म्हटलं तर पटण्यासारखं आहे.

आणखी एक: शेंगा किलोने घेताना लक्षात ठेवा, दाणे जेमतेम निम्मे निघतात. तुरीचे त्याहून कमी. बारा माणसांना सगळ्या दाण्यांची मिळून दीड-दोन किलो शेंग पुरते, कारण वांगी, गाजर, बटाटा भरीला आहेतच.

जुन्या_ठाण्यातली
+१ शहापूरवाला. बाजरी मात्र आठवडी बाजारातून घेऊ नकोस, जांभळी नाक्यावर धान्याच्या दुकानात घे. दीड-दोन किलो पुरे, आणि पीठ सोमवारीच दळ. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ चार-सहा दिवसांत कडवट होतं. तयार पिठाची पिशवी तर अजिबात आणू नकोस. गिरणीवाल्याला विचार, बाजरी कधी दळणार. गव्हावर दळली तर भाकरीला मजा नाही. तीळ पाव किलो घे, संक्रांतीच्या लाडवांना उरतील.

खारघरकर
भोगी वगैरे ठीक आहे, पण जानेवारी म्हणजे पोपटी! वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, खडे मीठ, ओवा, आणि मडक्यात वर-खाली भांबुर्ड्याचा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ लावायचा. पनवेलच्या पुढे रस्त्याला शेंगा ढिगाने मिळतात. सासरच्यांना घेऊन या, सोय करतो.

अनघा_कोलशेत
खारघरकर, भोगीला चिकन घातलं तर सासूबाई मलाच मडक्यात घालतील.

नेरुळची_नीता
शेतकरी बाजारात एकच सांगणं: खोक्याचा खालचा थर बघा. मागच्या हिवाळ्यात इथल्या बाजारातून स्ट्रॉबेरीचं खोकं आणलं. वर एकेक टपोरी, महाबळेश्वर म्हणून छापलेलं, घरी येऊन पाहिलं तर खाली पांढऱ्या बुडाच्या आणि पाणी सुटलेल्या. विकणारा पुढच्या रविवारी आलाच नाही. अस्सल महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण खोक्यावर काय, कोणीही काहीही छापतं.

सोलापूरची_लेक
भोगीच्या भाजीला आमच्याकडे खेंगाट म्हणतात आणि त्यात बोरं हवीतच. बोरं आणि उसाचे करवे नसतील तर ती नुसती मिक्स भाजी. ठाण्यात नीट गावठी बोरं कुठे मिळतात ते कोणी सांगेल का?

काका_चरई
भाजीत बोरं? सुगडात घालतात हो बोरं.

सोलापूरची_लेक
सुगडातही घालतात आणि भाजीतही. आमची आजी चार बोरं घालायचीच, आंबटगोड उतरते चव.

जुन्या_ठाण्यातली
उपवनच्या बाजूला सकाळी येऊरच्या पाड्यांवरच्या बायका बसतात. मोसमात बोरं, आवळे, कंद असं काय काय असतं. पण नेम नाही, मिळालं तर मिळालं. अनघा, त्यांच्याकडे भाव करू नकोस हं.

मीनल_वसंतविहार
आमच्या टोपलीत बोरं आली होती गेल्या आठवड्यात. सेंद्रिय.

अवलिया_ऐरोली
सेंद्रिय बोरं! बोरीला खत घालतं कोण? रानातली सगळी बोरं सेंद्रियच.

मीनल_वसंतविहार
प्रमाणपत्र आहे त्यांच्याकडे. पीजीएसचं. तुम्ही बघितलंय का कधी?

शहापूरवाला
पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच गटात एकमेकांची शेतं तपासायची. वाईट नाही ती पद्धत. पण तोंडी 'सेंद्रिय' म्हणून विकणाऱ्यांपैकी कितींकडे ते आहे? मीनलताईंना एकच विनंती, गटाचं नाव विचारून ठेवा.

काका_चरई
अलिबागचा पांढरा कांदा घेतला का कोणी? आमच्या ओळखीच्याकडे माळ लागलीय. दोनशेला एक.

खारघरकर
काका, आत्ता? भात काढल्यावर लागवड होते त्याची, माळा फेब्रुवारीपासून यायला लागतात. आत्ता पांढरा दिसतोय तो दुसरीकडचा असणार. २०२२ ला जीआय मिळाल्यापासून तर प्रत्येक पांढरा कांदा अलिबागचाच झालाय.

काका_चरई
चव मला कळते.

वाड्याचा_भाचा
उशीर झाला का? तांदूळ कोणी काढलाच नाही. ताई, खिचडीला वाडा कोलम घ्या. नवा घेऊ नका, नव्याची खिचडी चिकट होते. जुना दहा किलो घेतला तर मी मामाकडून...

अनघा_कोलशेत
दहा किलो!! दादा, आठशेत बारा माणसं जेवणार आहेत, वर्षभर नाही. तांदूळ घरात आहे.

हिशेबी_माणूस
कोणीच बजेट वाचत नाही म्हणून लिहितो. दर गेल्या रविवारचे, ढोकाळीकडच्या बाजारातले, इकडेतिकडे होणारच. मिश्र शेंगा दोन किलो १८०. भाजी आणि भरीत मिळून वांगी अडीच किलो १२०. गाजर, बटाटा, पातीचा कांदा, मेथी मिळून १३०. ओले शेंगदाणे, बोरं, ऊस ८०. बाजरी दोन किलो ९०, तीळ पाव किलो ६०, दळण २०. एकूण ६८०. रिक्षा धरून आठशेच्या आत. लोणी घरी निघत असेल असं धरलंय. बाजाराची जागा मात्र परवानगीप्रमाणे बदलते, शनिवारी कोणाला तरी विचारून घ्या. आणि दहाच्या आत जा, नंतर डहाळे कोमेजतात.

अनघा_कोलशेत
हिशेबीदादा, दंडवत. हे हवं होतं.

अनघा_कोलशेत
सोमवार रात्र. कळवायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते. रविवारी बाजारात जाऊन आले. शहापूरवाल्यांनी सांगितलं तसं बघत फिरले. एका आजोबांकडे वाल, वांगी आणि मेथी एवढंच होतं, त्यांच्याकडून भरताची वांगी घेतली. भाजी मात्र तिथून घेतली नाही. कारण कोणी बोललंच नाही: बाजार रविवारी, जेवण मंगळवारी. सोललेले दाणे दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचे तर शेतातून थेट आणून फायदा काय? आणि ऑफिसमधून येऊन शेंगा सोलणार कधी? खालच्या भाजीवाल्याला सांगून ठेवलं होतं, त्याने आज संध्याकाळी सोललेलं भोगी मिक्स काढून ठेवलं. पावटा, तूर, हरभरा, मटार, वर दोन करवे उसाचे आणि मूठभर बोरं. सव्वादोनशे. मटार जबलपूरचाच असणार, विचारलं नाही. बाजरी जांभळी नाक्यावरून आणली, आजच दळली.

काका_चरई
सोललेलं? त्यात कालचे दाणे मिसळतात. एपीएमसीत गेला असता तर...

सोलापूरची_लेक
बोरं भाजीत घालणार ना?

अनघा_कोलशेत
सासूबाई नगरच्या, त्या ठरवतील. बजेट मात्र हुकलं. बाजारात मुलांनी स्ट्रॉबेरीपुढून हलायलाच नकार दिला, एक खोकं तीनशेला.

नेरुळची_नीता
खालचा थर बघितलास?

अनघा_कोलशेत
बघू दिला नाही. टेप लावलेली होती.

नेरुळची_नीता
आणि तरी घेतलंस!

खारघरकर
पोपटी शनिवारी ठरतेय. आठ जण झालेत, शेंगा माझ्याकडे, कोणी भांबुर्डा आणेल का?