शेतकरी आत्महत्येच्या बातमीत छायाचित्र, चिठ्ठी आणि कुटुंबाची विनंती: वार्ताहराने कोठे थांबावे?

प्रश्न (तालुका वार्ताहर, बीड जिल्हा)

मी एका दैनिकासाठी तालुक्यातून बातम्या पाठवतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्याकडे नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि त्यानंतर शेतकरी आत्महत्येची बातमी लिहिण्याची वेळ माझ्यावर वरचेवर येऊ लागली. नुकत्याच घडलेल्या एका घटनेत मृताच्या थोरल्या भावाने मला गोठ्याकडे बाजूला नेऊन हात जोडले. कर्जाबद्दल काय लिहायचे ते लिहा, पण फोटो आणि मुलीचे नाव छापू नका, तिची सोयरीक जमत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हा कार्यालयाने मात्र फोटो, खिशात सापडलेली चिठ्ठी आणि पत्नीची प्रतिक्रिया तातडीने मागवली, कारण स्थानिक यूट्यूब वाहिन्यांनी हे सगळे दुपारीच दाखवले होते. दुसऱ्या बाजूने पाहता, पेपरात आल्याशिवाय महसूल यंत्रणा हलत नाही, असाही येथला अनुभव आहे. अशा वेळी कुटुंबाचे ऐकावे, कार्यालयाचे ऐकावे, की या दोघांपलीकडे काही ठरलेला नियम आहे?

उत्तर १ (निवृत्त उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर)

नियम आहे, आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींच्या आधारे आत्महत्येच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. त्यांनुसार आत्महत्येची बातमी ठळक जागी आणि पुन्हा पुन्हा छापू नये, पद्धतीचे वर्णन करू नये, ठिकाणाचा तपशील देऊ नये, मथळा सनसनाटी करू नये आणि छायाचित्रे, चित्रफिती वापरू नयेत. म्हणजे मृताच्या भावाने जे मागितले, त्याहून अधिक त्या सूचनाच सांगतात. यामागे केवळ सद्भावना नाही. ऑस्ट्रियात १९८७ मध्ये अशा सूचना लागू करून वृत्तपत्रांनी वर्णने आवरती घेतली, तेव्हा व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेतील आत्महत्या लक्षणीय प्रमाणात घटल्या. आपल्या बातमीचा वाचक त्याच हंगामात तेच नुकसान सोसून घरी बसलेला असतो, हे मराठवाड्यातील पत्रकाराला तर क्षणभरही विसरता येणार नाही.

चिठ्ठीबाबत मी अधिक कठोर आहे. ती पोलीस तपासातील पुरावा असते. तिच्यात सावकाराचे किंवा बँक कर्मचाऱ्याचे नाव असेल, तर चौकशीपूर्वी ते छापणे त्या व्यक्तीवर अन्याय करणारे ठरू शकते, आणि पुढे ते नाव चुकीचे ठरले तर खऱ्या दोषीवरील कारवाईही दुबळी होते. त्याचप्रमाणे पंचनामा होण्याआधीच ‘कर्जाला कंटाळून’ असे लिहून मोकळे होण्याची आपली सवय सुटायला हवी. आत्महत्येमागे बहुधा एकच कारण नसते. कर्ज होते, हे कागदपत्रांवरून सांगता येते. त्यामुळेच जीव दिला, हे पहिल्या दिवशी कोणालाही ठामपणे सांगता येत नाही.

कार्यालयाला हे तोंडी सांगू नका, लेखी कळवा. तालुक्यातील वार्ताहराचे मानधन तुटपुंजे असते, त्यातच जाहिरातींचे उद्दिष्ट त्याच्या गळ्यात असते, त्यामुळे नकार देणे सोपे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच ही जबाबदारी वार्ताहरावर न ढकलता संपादकाने स्वतः उचलली पाहिजे.

उत्तर २ (बातमीदार, परभणी)

आदरणीय सर, आपल्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु एका गोष्टीची भीती वाटते. नाव नाही, चेहरा नाही, कारण नाही, अशी बातमी शेवटी दोन ओळींत आतल्या पानावर जाईल आणि शासनाला हेच सोयीचे आहे. प्रेस कौन्सिलला फार तर ताकीद देता येते किंवा निषेध नोंदवता येतो, दंड करता येत नाही, आणि तिचा अधिकार यूट्यूब वाहिन्यांवर चालत नाही. मग नियम पाळणारा गप्प आणि न पाळणारा सर्वत्र, असे होणार नाही का? ज्या कुटुंबाला आपल्या माणसाचे नाव लोकांसमोर यावे असे वाटते, त्याला आपण कोणत्या अधिकाराने नाही म्हणायचे?

उत्तर ३ (समुपदेशक, लातूर जिल्हा)

कुटुंबाची संमती आपण केव्हा विचारतो, हे महत्त्वाचे आहे. अंत्यविधी आटोपून बायका अंगणात बसलेल्या असतात, तेवढ्यात पत्नीसमोर मोबाइल धरला जातो आणि ती मान हलवते. याला संमती म्हणता येत नाही. महिनाभराने मी अशा घरांत जाते, तेव्हा शाळेतल्या मुलांनी तो व्हिडिओ वर्गमित्रांच्या मोबाइलवर पाहिलेला असतो. बातमीच्या शेवटी ‘टेली मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, एवढी विनंती करते. त्याला एक ओळ पुरते.

उत्तर ४ (निवृत्त उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर)

परभणीच्या मित्राची भीती रास्त आहे, म्हणून स्पष्ट करतो. मृत्यूचे वर्णन कमी करा, पण व्यवस्थेचे वर्णन वाढवा. शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे नापिकी, बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा लागतो. विनापरवाना सावकाराकडून पैसे घेतलेला शेतकरी येथेच अडतो. प्रकरण ‘अपात्र’ ठरले, तर कोणत्या कागदाअभावी ठरले, पीकविम्याची रक्कम जमा झाली होती का, बँकेची नोटीस कोणत्या तारखेची होती, अतिवृष्टीचे अनुदान कोठे अडकले, हे तहसीलमध्ये बसून शोधा. ही बातमी पहिल्या पानावर घेण्यास कोणतीही मार्गदर्शक सूचना आड येत नाही. समितीचा निर्णय झाल्यावर पुन्हा त्या घरी जा, ताईंनी सांगितल्याप्रमाणे घाई नसताना विचारा, आणि कुटुंबाने होकार दिला तर मृताचे नाव सन्मानाने लिहा. मुलीचे नाव तेव्हाही लिहू नये. त्या बातमीला त्याची गरज नाही.