अँजिओप्लास्टीनंतर रक्तदाब नेमका किती खाली आणावा?

प्रश्न (कोथरूड)
नमस्कार. माझे वडील 72 वर्षांचे असून गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्यांना मधुमेह नाही. घरी रक्तदाब बहुधा 146/68 च्या आसपास येतो. वरचा आकडा 130 च्या खाली यावा म्हणून डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आहेत. मात्र अंथरुणातून उठताना त्यांना भोवळ येते आणि सोसायटीतील ज्येष्ठ मंडळी ‘या वयात एवढे चालायचेच’ असे सांगून गोळी अर्धी करायला सुचवतात. खालचा आकडा मुळातच कमी असताना वरचा उतरवणे हृदयाला घातक तर ठरणार नाही ना?

उत्तर (फिजिशियन, सदाशिव पेठ)
आपली शंका रास्त आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल पडते तेव्हा, आणि त्या वेळचा दाब म्हणजेच खालचा आकडा. त्यामुळे रक्तवाहिन्या अरुंद असलेल्या वयस्कर रुग्णात तो 60 च्या खाली जाऊ लागला, की आम्ही सावध होतो. 68 ला तशी वेळ आलेली नाही, आणि या भीतीपोटी वरचा 146 वर ठेवणे मला मुळीच मान्य नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत 9,300 हून अधिक लोक होते. वरचा आकडा 120 च्या खाली आणण्याचे ध्येय ठेवलेल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हार्ट फेल्युअर अशा घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. अर्थात रक्तदाब फार उतरणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे आणि मूत्रपिंडावर ताण येणे हे प्रकार त्याच गटात जास्त आढळले. म्हणून 130/80 च्या खाली, पण हळूहळू, असे धोरण बहुतेक हृदयरुग्णांत ठेवले जाते.

भोवळीसाठी वडिलांना पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजा, मग उभे करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरत असेल, तर ते डॉक्टरांना लगेच कळवा. गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून मार्ग निघतो. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारखी गोळी मनाने अचानक बंद केल्यास छातीत दुखणे उफाळून येऊ शकते, तेव्हा शेजाऱ्यांचा सल्ला कृपया मानू नका.

उत्तर (सहकारनगर)
माझ्या आईचा रक्तदाब गुडघेदुखीच्या गोळ्यांमुळे वाढत होता, हे घरातील औषधांची सगळी पाकिटे डॉक्टरांपुढे मांडली तेव्हा उलगडले. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांची नोंद चिठ्ठीवर नसते, कारण ती परस्पर दुकानातून आणलेली असतात. पापड-लोणचे कमी कराच; मात्र ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असताना ते रक्तात वाढून हृदयाची लय बिघडू शकते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. वडील पूर्वी रोज पर्वती चढत असत. आता पुन्हा चढू द्यावे का?

उत्तर (फिजिशियन, सदाशिव पेठ)
आधी भोवळ थांबू द्या, तोपर्यंत सपाट रस्त्यावरच चालू द्या. पुढे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यावर, चढताना सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. छातीत दडपण आले तर तिथेच पायरीवर बसावे. जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब झपाट्याने उतरतो. पाच मिनिटांत आराम न पडल्यास 108 ला फोन करावा.