गणेशोत्सवाची हार्डडिस्क मॅकवर का अडते? (सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी: गणेशोत्सवाचं सगळं शूटिंग ऑफिसच्या २ टीबी हार्डडिस्कवर आहे, ८०० जीबी भरलंय. एडिटिंग करणाऱ्या मुलांकडे मॅक आहे. त्यावर फाइली दिसतात, उघडतात, पण तयार व्हिडिओ परत डिस्कवर पेस्ट होत नाही. डिस्क गेली का?

ए ५०१: नाही काका, डिस्क ठणठणीत आहे. ती एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइली साठवायची पद्धत) फॉरमॅट केलेली असणार. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. फाइंडरमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून 'गेट इन्फो' बघायला सांगा, फॉरमॅटचं नाव तिथेच असतं.

बी २०३: फॅट३२ (जुनी साठवण पद्धत) करून टाका की. टीव्हीलाही चालतं.

बी ३०४: फॅट३२ अजिबात नको. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के शूटिंग म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, पावणेसहा मिनिटांतच मर्यादा संपते. विसर्जन मिरवणुकीचा सलग व्हिडिओ बसणारच नाही. डिस्क अर्धी रिकामी असली तरी 'फाइल टू लार्ज' म्हणत बसेल.

सी १०२: एक्सफॅट करा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे वाचता-लिहिता येतं. मॅकवर १०.६.५ आवृत्तीपासून आहे. लिनक्समध्ये मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्याचे तपशील खुले केल्यावर गाडी रुळावर आली. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.७ किंवा पुढचा असेल तर वेगळं काही टाकावं लागत नाही, त्याआधीच्यावर एक्सफॅट-फ्यूज पॅकेज घाला.

सेक्रेटरी: मग आत्ताच करतो. राइट क्लिक, फॉरमॅट, बरोबर?

ए ५०१: थांबा काका!! फॉरमॅट केलं की ८०० जीबी पुसलं जाईल. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्या. दोन्ही डिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा, सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर सव्वादोन तासांत होईल. काळ्या यूएसबी २ पोर्टवर तेच काम साडेसहा-सात तास खातं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण साइज जुळवा, चार-पाच मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, मगच फॉरमॅट.

ए ५०१: फॉरमॅट ऑफिसच्या विंडोजवरच करा. फाइल सिस्टिम एक्सफॅट, अलोकेशन युनिट (फाइलीला मिळणारा जागेचा सगळ्यात लहान तुकडा) आहे तेच डिफॉल्ट, 'क्विक फॉरमॅट'ची टिक राहू द्या. टिक काढली तर अख्खी डिस्क तपासत तासन्‌तास बसेल. नाव ११ अक्षरांच्या आत. मॅकवर करायची वेळ आलीच तर डिस्क युटिलिटीत आधी 'व्ह्यू' मेनूमधून 'शो ऑल डिव्हायसेस' करा, सगळ्यात वरची ओळ निवडा, स्कीम (डिस्कचे भाग मांडायची पद्धत) 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' ठेवा. लोक नेमकं खालचं पार्टिशन निवडतात आणि मग स्कीमचा पर्यायच दिसत नाही.

बी ३०४: एक्सफॅटची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. एनटीएफएस बदल करताना आधी त्याची नोंद ठेवतं, एपीएफएस (मॅकची स्वतःची पद्धत) जुन्या माहितीवर न लिहिता नवी प्रत लिहितं, त्यामुळे दोन्ही मध्येच वायर निघाली तरी सावरून घेतात. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. लिहिणं चालू असताना डिस्क उपटली तर फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात. त्यामुळे मॅकवर 'इजेक्ट', विंडोजवर 'सेफली रिमूव्ह', प्रत्येक वेळी. एक्सफॅट ने-आण करायला उत्तम, पण सोसायटीचं रेकॉर्ड म्हणून एकच प्रत त्यावर ठेवू नका. ऑफिसमध्ये आणखी एक प्रत एनटीएफएसवर असू द्या.

सेक्रेटरी: आणि चुकून उपटलीच तर?

बी ३०४: मॅकला लावल्यावर ती लगेच दिसणारच नाही. मेली असं समजून पुन्हा उपटू नका, मॅक मागे गुपचूप तपासणी करत असतो. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'एफएससीके' नावाने ते चालू दिसेल, मोठ्या डिस्कला वेळ लागतो. विंडोजवर असाल तर ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, 'चेक'.

सी १०२: फाइलींच्या नावात वेळ लिहिताना १९:३० नको, १९-३० लिहा. लिनक्सला कोलन (:) चालतं, एक्सफॅटवर कॉपी करताना ती फाइल नाकारली जाते. प्रश्नचिन्ह (?) आणि फुलीचंही (*) तेच.

बी २०३: मागच्या वेळी क्लब हाउसच्या टीव्हीवर प्रत्येक व्हिडिओ दोनदा दिसत होता, त्यातला एक चालायचा नाही. ते काय होतं?

ए ५०१: ते मॅकचं काम. एक्सफॅटवर मॅक काही फाइलींसोबत टिंब-अंडरस्कोअरने सुरू होणारी छोटी फाइल टाकतो, तिच्यात स्वतःची जादा माहिती ठेवतो. विंडोजवरून काढून टाकल्या तरी व्हिडिओला धक्का लागत नाही. मोठ्या एक्सफॅट डिस्कवर डिफॉल्ट अलोकेशन युनिट १२८ केबीचं असतं, म्हणून ती चिमुकली फाइलही १२८ केबी अडवते. हजारो बारीक फोटो असतील तर ते झिप करूनच टाका.

सी १०२: टीव्हीला ही हार्डडिस्क लावूच नका. बऱ्याच टीव्हींचा पोर्ट पुरेसा करंट देत नाही, डिस्क टकटक आवाज करते आणि बंद पडते. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यावर ४ जीबीच्या आतले एमपी४ व्हिडिओ द्या.

सेक्रेटरी: समजलं. कॉपी करायला रिकामी १ टीबी कोणाकडे आहे?

डी ६०४: माझ्याकडे आहे काका, पण ती मॅकवर वापरलेली आहे, एपीएफएस. थोडे घरचे फोटो आहेत तिच्यात.

बी ३०४: मग ती ऑफिसच्या पीसीला नको. विंडोजला एपीएफएस कळत नाही, लावल्या लावल्या 'फॉरमॅट करायचं का?' विचारू शकतं आणि कोणीतरी 'हो' दाबेल.

ए ५०१: त्यापेक्षा मुलांच्या मॅकवरूनच कॉपी करू. आपली एनटीएफएस वाचता येते, ताईंच्या एपीएफएसवर लिहिता येतं, ८०० जीबी मोकळे आहेत का तेवढं बघा. मग ऑफिसची डिस्क विंडोजवर एक्सफॅट करून परत मॅकला लावायची आणि सगळं उलट भरायचं. ताई, चालेल का?

डी ६०४: चालेल. ८५० मोकळे आहेत. संध्याकाळी ७ नंतर घेऊन जा, वायरसकट.